न रडणारं मूल

मनू घरी आली तो जानेवारी २०२३. नाशिकला कडाक्याची थंडी पडली होती. सात तासांच्या प्रवासात ती एकदाही रडली नाही. माझ्या मांडीवर बसली, हातात दिलेलं बिस्कीट खाल्लं, खिडकीबाहेर बघत राहिली. द्वारका चौकात गाडी अडकली, चहूकडून हॉर्न वाजत होते, तरी तिने मान वळवली नाही. घरी पोचल्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. बघायला दहा-बारा माणसं जमली होती. ती या कडेवरून त्या कडेवर गेली आणि रात्री गादीवर ठेवली तेव्हा छताकडे बघत पडून राहिली. कधी झोपली ते कळलंच नाही. "किती गुणी लेकरू आहे," असं त्या दिवशी सगळेच म्हणत होते. देवाने आपल्याला त्रास न देणारं मूल दिलं, असं मीही नवऱ्याला म्हणाले.

ते वाक्य आठवलं की आजही पोटात कालवतं. सव्वादोन वर्षांचं मूल अनोळखी माणसांच्या मांडीवर बसून अनोळखी गावाला जातं आणि रडत नाही, याचा अर्थ लागायला मला सहा महिने लागले. कुणाच्या घरी असं मूल दत्तक येणार असेल. कुणाकडे अगदी लहानपणी आई गमावलेलं, किंवा दवाखान्यात महिनोन् महिने काढलेलं मूल असेल. त्यांना तरी हे लवकर कळावं, म्हणून लिहिते आहे.

मनू हे तिचं खरं नाव नाही. आमच्याकडे येण्याआधीचं तिच्या आयुष्यातलं जे थोडंफार आम्हाला माहीत आहे, ते तिचं आहे. मोठी झाल्यावर कुणाला सांगायचं ते ती ठरवेल. काही महिन्यांची असताना ती मराठवाड्यातल्या एका शिशुगृहात आली आणि तिथेच वाढली, एवढंच इथे पुरे.

आम्ही 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर नोंदणी केली ऑगस्ट २०१९ मध्ये. कागदपत्रं, डॉक्टरांचे दाखले, समाजसेविकेची गृहभेट, आणि मग वाट बघणं. सव्वातीन वर्षांनी मोबाइलवर संदेश आला. फोटो, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि मुलाची माहिती सांगणारा अहवाल समोर येतो आणि ४८ तासांत हो की नाही ते कळवायचं असतं. आम्ही पहिल्या तासातच हो म्हटलं. वजन, उंची, लसी, हिमोग्लोबिन सगळं ठीक होतं. शेवटी एक ओळ होती : मूल शांत व आज्ञाधारक आहे. ती ओळ मी तेव्हा आनंदाने वाचली होती.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेश हातात येईपर्यंत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी आपल्याकडे असतं. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन बघून जाते. या भेटींचं लोकांना ओझं वाटतं. आम्हाला तर त्यांनीच वाचवलं.

पहिल्या आठवड्यातच उशीखाली अर्धी पोळी सापडली. मग गादीच्या खाली, फ्रॉकच्या खिशात, सासूबाईंच्या पोथीच्या पिशवीत. पानात वाढलेल्या कशालाच ती नको म्हणायची नाही. थांबवलं नाही तर उलटी होईपर्यंत खायची. "आई" हा शब्द तिने तिसऱ्या दिवशी उचलला आणि सोसायटीतल्या प्रत्येक बाईला लावला.

मार्चमधली गोष्ट. ती पार्किंगमध्ये धावताना पेव्हर ब्लॉकवर आपटली. मी पाच-सहा पावलांवर होते. गुडघा चांगलाच फुटला होता, रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत आला होता. पडलेलं मूल आधी आपलं माणूस कुठे आहे ते शोधतं, मग भोकाड पसरतं. तिने कुणालाच शोधलं नाही. उठली, फ्रॉकच्या टोकाने रक्त पुसलं, ते टोक नीट खाली केलं आणि पुन्हा चालू लागली. मी धावत जाऊन उचललं तर अंग लाकडासारखं ताठ. जखम धुताना डेटॉल चांगलंच झोंबलं असणार. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

त्याच महिन्यात आम्ही गंगेवर बुधवारच्या बाजाराला गेलो होतो. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) मी मेथीच्या जुड्या निवडत होते. वळून बघते तर मनू एका अनोळखी बाईचं बोट धरून पुढे निघालेली. ती बाईच बिचारी गोंधळून मागे बघत होती, मनूने मात्र एकदाही वळून पाहिलं नाही. बाजूचा भाजीवाला कौतुकाने म्हणाला, "पोरगी चांगली माणसाळलेली आहे, ताई." मला त्या उन्हात थंडी वाजून आली.

ज्या डॉक्टरांना आम्ही दाखवत होतो ते म्हणाले, वजन वाढतंय, खाते-पिते, बोलणं येईल हळूहळू, तुम्ही फार विचार करता. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून ऐकलं. जुलैत समाजसेविका पहिल्या भेटीला आल्या. चहा होईपर्यंत मनू त्यांच्या मांडीवर जाऊन बसली होती. त्यांनी तिला हळूच खाली ठेवलं आणि मला विचारलं, "ही रडते कधी?" मला एकही दिवस आठवेना. त्यांनीच बालविकासतज्ज्ञांकडे जायला सांगितलं.

त्या डॉक्टर मॅडम टेबलामागे बसल्या नाहीत. चाळीस मिनिटं मनूशी जमिनीवर खेळत होत्या. मध्येच मला म्हणाल्या, तिला सांगून बाहेर जा आणि तीन मिनिटांनी परत या. मी गेले, आले. मनूने जातानाही बघितलं नाही आणि येतानाही. ठोकळ्यावर ठोकळा रचत राहिली. नंतर कळलं, की आई खोलीबाहेर जाऊन परत येते तेव्हा मूल काय करतं हे बघण्याची पद्धत मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंची आहे. तिथे मूल आई गेल्यावर रडतं की नाही, यापेक्षा ती परत आल्यावर मूल तिच्याकडे कसं येतं, हे जास्त सांगून जातं.

मॅडमनी समजावलं ते मला स्वयंपाकघरात रोज आठवतं. म्हणाल्या, "तान्ह्या बाळाला भूक लागली, भीती वाटली, की अंगात ताणाची संप्रेरकं वाढतात, कॉर्टिसॉल वगैरे. दूध वर यायला लागतं तसं समजा. गॅस बारीक करायचं बटण बाळाच्या हातात नसतं. कुणीतरी उचलतं, थोपटतं, बोलतं, तेव्हा तो बारीक होतो. असं हजारो वेळा झालं की हळूहळू बाळाचं शरीर स्वतः बारीक करायला शिकतं. आणि रडलं की माणूस येतं, हेही शिकतं."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर काही दिवसांनी बाळ रडायचं थांबतं. आत दूध उतू जातच असतं."

मला त्या शिशुगृहातल्या मावश्यांबद्दल जराही राग नाही. एका मावशीच्या वाट्याला कितीतरी बाळं, पाळी बदलली की मावशीही बदलते. दूध वेळेवर मिळतं, पण ते घड्याळाच्या वेळेवर, बाळाच्या रडण्यावर कसं मिळणार? त्यात तो करोनाचा काळ. मनूने पहिली दीडेक वर्षं हसणारं तोंड किती वेळा पूर्ण पाहिलं असेल, कोण जाणे. आम्ही निघालो तेव्हा एक मावशी तिचा आवडता पिवळा फ्रॉक घेऊन गाडीपर्यंत धावत आली होती. ती ओक्साबोक्शी रडत होती. मनूने तिच्याकडेही पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. ते करायला नको होतं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत रुमानियातली अनाथालयं मुलांनी भरून गेली होती. पुढे २००० साली बुखारेस्टमध्ये काही अमेरिकी संशोधकांनी संस्थांमधल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून कुटुंबांकडे सांभाळायला दिली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, माणसांशी नातं, बरंच काही सुधारलं. सर्वांत जास्त सुधारणा दिसली ती साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांमध्ये.

दोन वर्षं. आमची सव्वादोन वर्षांची असताना आली. यादीतली आमची सव्वातीन वर्षं, तिच्या फाइलवरचे महिने, सगळे मी अंधारात बोटांवर मोजत बसले. ती इथून काही तासांच्या अंतरावर छताकडे बघत पडलेली असताना मी कॉलेज रोडला पडद्यांची कापडं बघत फिरत होते, हे मनातून जाईना.

पुढच्या भेटीत मॅडमना विचारलं, आम्हाला उशीर झाला का? त्या म्हणाल्या, "ती सरासरी आहे. दार लागलं असा त्याचा अर्थ काढू नका, उशिरा गेलेल्या मुलांनाही फायदा झालाच. त्याच मुलांकडे पुढे कित्येक वर्षं बघितलं, तेव्हा ज्यांचं घर पुन्हा बदललं नाही ती जास्त सावरलेली दिसली. पहिलं वर्ष तुम्हाला परत आणता येणार नाही. घर न बदलणं तुमच्या हातात आहे."

मग त्यांनी आम्हाला कामाला लावलं. काही महिने मनूला भरवणं, आंघोळ घालणं, झोपवणं, लागलं तर उचलणं हे फक्त मी किंवा नवऱ्याने करायचं. गर्दी नको, समारंभ नको. ती रडली नाही तरी लागलं असणार असं धरून जवळ घ्यायचं, 'तुला दुखलं ना' हे आपणच म्हणायचं. बाहेर जाताना सांगून जायचं, म्हटलेल्या वेळेला परत यायचं. पोळ्या लपवल्या तर काढून घ्यायच्या नाहीत. उलट तिला तिचा स्वतःचा डबा द्यायचा, आणि तो कधीच रिकामा होऊ द्यायचा नाही.

आम्ही स्टीलचा एक छोटा डबा तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवला. शेंगदाण्याचे लाडू, खाकरा, खजूर. पहिले काही दिवस ती दर पाच-दहा मिनिटांनी जाऊन झाकण उघडायची, बोटाने एकेक लाडू चाचपायची, झाकण लावायची. खायची क्वचितच. झाकणाचा टक् असा आवाज दिवसभर घरात असायचा. मी एकदा दोन लाडू कमी झालेले भरायला विसरले, तर त्या रात्री पुन्हा उशीखाली पोळी.

सगळ्यात अवघड गेलं ते सासूबाईंना. त्यांनी गंगापूर रोडचा हॉल बघून ठेवला होता, दीडशे माणसांचं नामकरण करायचं होतं. आणि इथे सून म्हणते, तुम्ही नातीला कडेवरही घ्यायचं नाही. तीन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. चौथ्या दिवशी त्यांना घेऊन मॅडमकडे गेले. मॅडमनी त्यांनाच विचारलं, "आजी, तुमच्या मुलांना तुम्ही काय काय केलंत पहिल्या वर्षात?" सासूबाई सांगत गेल्या. तेल लावणं, शेक-शेगडी, झोळी, घुगऱ्या, अंगाई. मॅडम म्हणाल्या, "हे सगळं तिचं राहून गेलंय. आता करा. सून करेल, तुम्ही शेजारी बसून शिकवा."

घरी येऊन सासूबाईंनी स्वतःची मऊ झालेली सुती साडी काढली आणि हुकाला झोळी बांधली. पावणेतीन वर्षांची मुलगी झोळीत! शेजारच्या वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी झोका द्यायचे, सासूबाई पलीकडे बसून गायच्या. पहिले काही दिवस मनू आत डोळे उघडे ठेवून ताठ पडायची. मग एका संध्याकाळी झोळी थांबली तसा आतून एक पाय बाहेर आला आणि त्याने भिंतीला रेटा दिला. सासूबाई गाता गाता रडायला लागल्या.

आठव्या-नवव्या महिन्यात तिचं रडणं सुरू झालं, आणि सुरू झालं म्हणजे तुंबलेलं सगळं एकदमच आलं. चप्पल उलटी घातली गेली म्हणून तासभर. मी गॅसकडे वळले म्हणून. चावायची, ताट फेकायची, रात्री दोनला किंचाळत उठायची. "फार लाडावून ठेवलीत," म्हणणारे आता तेच होते, पहिल्या दिवशी गुणी म्हणालेले. मॅडम मात्र फोनवर म्हणाल्या, "छान. तुमच्यासमोर रडायला तिला आता भीती वाटत नाही."

त्यांना छान वाटत होतं, माझी मात्र वाताहत होत होती. ती किंचाळली की मला राग यायच्या आधी काहीतरी वेगळंच व्हायचं. हातपाय गार पडायचे, तिथून निघून जावंसं वाटायचं. मॅडमनी एका समुपदेशक ताईंचं नाव दिलं. त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्यापुढे दहा प्रश्नांचा कागद ठेवला. माझ्याबद्दलचा. अमेरिकेत सॅन दिएगोला १९९० च्या दशकात फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १७,००० हून जास्त प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं. मारझोड, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण असले अनुभव ज्यांच्या वाट्याला जितके जास्त, तितकं त्यांच्यात मोठेपणी नैराश्य, व्यसनं, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण जास्त, असं त्यातून दिसलं. ते प्रश्न तिथून आलेले. मी चार ठिकाणी हो लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

माझं लहानपण सातपूरला गेलं. वडील कंपनीत होते, दुसरी पाळी करून साडेअकराला घरी यायचे. लुना खाली कशी बंद होते त्या आवाजावरून मला कळायचं, आज पिऊन आलेत की नाही. मग मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे, श्वाससुद्धा मोजून. भांडी पडायची, आईचा आवाज यायचा आणि मग यायचा नाही. सकाळी शाळेत मी पहिल्या बाकावर असायचे. बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, विद्यार्थिनी शांत व आज्ञाधारक आहे. हे मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ताईंसमोर सांगताना मला त्या अहवालातली ओळ आठवली आणि पुढे बोलता येईना.

तरीही एका रविवारी माझा तोल गेलाच. मनूने वरणभाताची वाटी भिंतीवर मारली आणि मी हात उगारला. मारलं नाही, पण ओरडले, आणि हात वरच राहिला. ती क्षणात गप्प झाली. रडणं नाही, काही नाही. नजर वर छताकडे. ते पहिल्या रात्रीचेच डोळे होते. मला वाटलं, नऊ महिन्यांचं सगळं मी एका मिनिटात घालवलं.

शिकवलेलं एवढंच आठवत होतं की आधी आपण शांत व्हायचं, मग मुलाला करायचं, बोलणं सगळ्यात शेवटी. मी वरणात बरबटलेल्या फरशीवर खाली बसले. बऱ्याच वेळाने म्हटलं, "आई ओरडली. आईचं चुकलं. मनूचं नाही चुकलं." ती हलली नाही. भिंतीवरून वरण ओघळत होतं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग ती उठली, माझ्याकडे पाठ केली आणि पाठमोरीच एकेक पाऊल मागे मागे येत माझ्या गुडघ्याला टेकून बसली. तोंड भिंतीकडेच. मी हात लावला नाही. तिच्या पाठीचा कणा माझ्या गुडघ्याला लागत होता, तो हळूहळू सैल पडत गेला.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, एड ट्रॉनिक नावाच्या संशोधकाने आई-बाळांचं बारकाईने निरीक्षण केलं, तर चांगल्या जोड्यासुद्धा बराच वेळ बेसूरच असतात. सूर तुटतो, पुन्हा जुळवला जातो, त्या जुळवण्यावर मूल वाढतं. मला त्या दिवशी याची फार गरज होती.

शाळेबद्दल थोडक्यात. २०२४ च्या जूनमध्ये पहिल्या शाळेत घातली, तिथे मस्ती करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर एकटं उभं करायचे. मी जाऊन समजावलं, त्यांनी ऐकलं नाही, आम्ही शाळा बदलली. दुसऱ्या शाळेतल्या ताईंना मी एवढंच सांगितलं, "ती गप्प बसली तर कौतुक करू नका, मला फोन करा." त्या करतात.

पैशांचंही सांगायला हवं, कारण खासगी डॉक्टर आणि समुपदेशन सगळ्यांना झेपत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत पथकं येतात आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांना पुढे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तुमच्या अंगणवाडी सेविकेला विचारा. वजन ठीक आहे म्हणून गप्प राहू नका.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये गंगेला पूर आला. पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघायला अख्खं नाशिक लोटतं, तसे आम्हीही गेलो. पुलावर गर्दी होती, पाण्याचा आवाज छातीत घुमत होता. शेजारच्या एका बाईंनी मनूपुढे हात केला, "ये गं छकुले, इकडून बघ, नीट दिसेल." मनूने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या ओढणीच्या मागे गेली. दोन्ही हातांनी माझा पाय धरला. बाई म्हणाल्या, "लाजाळू आहे वाटतं." मी म्हटलं, "हो, लाजाळू आहे." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनी पटकन पाण्याकडे तोंड फिरवलं.

आता ती साडेपाच वर्षांची आहे. बोलते भरपूर. खोलीत अचानक दिवे गेले की अजूनही लाकूड होते. आजारी पडली की लपवते. पाहुण्यांची गर्दी झाली की रात्री उठते. शिशुगृहाचा फोटो कपाटात आहे, मागितला की दाखवतो. त्यातल्या पिवळ्या फ्रॉकवाल्या मावशीचं नाव तिला पाठ आहे.

गेल्या महिन्यात मी खालची फळी आवरायला काढली. डबा मागे सरकला होता, पुढे रंगांच्या खडूंची पेटी आलेली. उघडला तर चारही लाडू जसेच्या तसे, वर हिरवट बुरशी. किती आठवडे झाले असतील कोण जाणे. बाहेर तिचं आजीशी भांडण चाललं होतं, वेणी घट्ट घातली म्हणून. मी लाडू टाकून दिले, डबा घासला, उन्हात वाळवला. संध्याकाळी नवे लाडू वळून त्यात भरले आणि डबा होता तिथेच ठेवला.